पदवीची लागवड

जूनमध्ये सीईटीचा निकाल लागतो आणि एरवी टीव्हीचा रिमोट चालेना म्हणून नातवाला हाका मारणारी माणसं "कॉम्प्युटरला स्कोप आहे" असं छातीठोकपणे सांगू लागतात. स्कोप कशाला आहे आणि कशाला राहिलेला नाही हे ठरवणारं मंडळ कुठे बसतं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. त्याचे सभासद मात्र गावोगाव आहेत. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ, सोसायटीचे सेक्रेटरी, केस कापता कापता आरशातून बोलणारा सलूनवाला. स्कोप म्हणजे काय हो, असं त्यांना विचारू नये. शेजारच्याच्या मुलाला चार वर्षांपूर्वी लागलेली नोकरी म्हणजे स्कोप.

यंदा आमच्या घरात दोन निकाल एकदम लागले. ताईच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, आणि भावाच्या मुलीचा, म्हणजे पुतणीचा. दोघांचेही पर्सेंटाइल बरे. (पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत हे आत्याला समजावण्यात एक अख्खा रविवार गेला. तरी पेढे वाटताना तिने टक्केच सांगितले, आणि मला विचाराल तर योग्यच केलं.) भाच्याला काही विचारावंच लागलं नाही. तो कॉम्प्युटरला जाणार हे दाजींनी बारशाच्याही आधी ठरवलं होतं. घोळ घातला तो पुतणीने. तिला माटुंग्याला जाऊन सरफेस कोटिंग शिकायचं होतं.

"म्हणजे नक्की काय?" आत्याने विचारलं.

"पृष्ठभागावरचे लेप, आजी. घराचा रंग, गाडीचा पेंट, जहाजाला गंज चढू नये म्हणून लावतात तो थर, डब्यातलं अन्न पत्र्याला लागू नये म्हणून आतून असतो तो थर..."

"म्हणजे रंगारी," आत्याने निकाल दिला. "त्याला चार वर्षं कशाला? आपल्याकडे दिवाळीला येतो तो सातवी पास आहे."

मी मध्ये पडलो. माटुंग्याची ती संस्था 1933 सालची. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झालेली, जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटी. 2008 पासून आयसीटी नावाने अभिमत विद्यापीठ. रंग, कापड, तेल, औषध, खाणं, प्लास्टिक, जे जे माणसाच्या अंगावर, पोटात किंवा भिंतीवर जातं त्याची एकेक शाखा तिथे आहे. डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी काढणारे अंजी रेड्डी तिथलेच. मुकेश अंबानी तिथलेच.

"अंबानीचं ठीक आहे," आत्या म्हणाली, "त्याला नोकरी शोधायची नव्हती."

यावर आयसीटीच्या माजी विद्यार्थी संघटनेकडे काही उत्तर असेल तर मला ऐकायला आवडेल.

उपयोजित विज्ञानाचं आपल्याकडे पहिलं दुखणं हेच. त्याला उपयोग सोडून बाकी सगळं सिद्ध करावं लागतं. प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात 'अप्लाइड सायन्स' नावाचा एक विभाग असतो. तिथे फिजिक्स-केमिस्ट्रीत डॉक्टरेट केलेली सज्जन माणसं पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात आणि पोरं "सर, कॉम्प्युटरला हे कशाला?" एवढा एकच प्रश्न वर्षभर विचारतात. दुसऱ्या वर्षी त्या मजल्यावर कुणी फिरकत नाही, केटी राहिलेले सोडून.

बरं, कॉम्प्युटरवाले दिवसभर काय करतात हे तरी घरात कुणाला ठाऊक असतं? फक्त ते कुणी विचारत नाही, एवढाच फरक. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा हिंजवडीत आहे. काकू कौतुकाने सांगतात, "रोज रात्री साडेनऊला त्याचा स्टँड-अप असतो." आणि जरा थांबून, "आडवा पडूनच करतो म्हणा." तो काय करतो म्हटलं तर "तिकिटं बंद करतो." एसटीतला कंडक्टर तिकिटं फाडतो आणि हा बंद करतो, यापलीकडे काकूंना त्यातलं काही माहीत नाही. पण वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर 'पुण्यात आयटी' एवढं लिहिलं की खालच्या चार ओळी कुणी वाचत नाही. त्याच मंडळात 'क्वालिटी कंट्रोल केमिस्ट, कुरकुंभ' असं लिहून बघा. पहिला प्रश्न येतो, कुरकुंभ कुठे आलं. दुसरा, शिफ्ट असते का. तिसरा येत नाही.

त्या कुरकुंभच्या केमिस्टला मी ओळखतो, आमच्याच गल्लीतला. पहाटे कंपनीची बस हायवेवर उभी राहते, सहाचा ठोका पडायच्या आत तो बसतो आणि डोळे मिटतो. प्रयोगशाळेत त्याच्या ताब्यात एचपीएलसी नावाचं यंत्र आहे. एका नळकांडीत बारीक पूड गच्च भरलेली. पंप त्यातून द्रावण ढकलतो, त्यात औषधाचा थेंब सोडायचा, आणि औषधातला एकेक घटक आपापल्या वेळेला नळीबाहेर पडून पडद्यावर डोंगर काढतो. ठरल्या मिनिटाला ठरल्या उंचीचा डोंगर आला तर गोळी बाजारात जाते. भलत्याच ठिकाणी टेकाड उगवलं तर अख्खा लॉट अडतो आणि मॅनेजर धावत येतो. प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची, वेळेसह, सहीसह, खाडाखोड न करता. कारण अमेरिकेचे तपासनीस येतात तेव्हा लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही असं धरतात. दीडशे माणसांचा रक्तदाब उद्या त्या सहीवर उतरणार असतो. सुरुवातीचा पगार हातात पंधरा-अठरा हजार. मी एकदा म्हटलं, जबाबदारीच्या मानाने कमी आहे रे. तो म्हणाला, "काका, कँटीन फुकट आहे."

आयटीतली सुरुवात किती? तर मोठ्या कंपन्यांचं नवशिक्याचं वर्षाचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास. ते गेली दहा-बारा वर्षं तिथेच तळ ठोकून आहे. या काळात डोशाचे भाव तिप्पट झाले, कॉलेजची फी किती पट झाली ते दाजींना विचारा, पण साडेतीन लाख जागचे हलले नाहीत. असं असूनही लोक कॉम्प्युटरच्या नोकरीला 'सुरुवात' म्हणतात आणि केमिस्टच्या नोकरीला 'पगार'. सुरुवातीत पुढची आशा असते, पगारात हिशेब असतो.

मी स्वतः केमिस्ट्रीचा बी.एस्सी. आणि नोकरी केली बँकेत. त्या काळी तो राजमार्ग होता. आमच्या वर्गातले निम्मे बँकेत, काही एलआयसीत, काही बी.एड. करून शाळेत. रसायनशास्त्राशी इमान राखलं ते एकानेच, त्याने खतांचं दुकान काढलं. आमच्या पदवीचा आणि कामाचा संबंध नव्हता याबद्दल कुणाला खंत वाटल्याचं आठवत नाही. पदवी लग्नपत्रिकेवर छापायला होती आणि नोकरी करायला.

त्याच बँकेत मी कॉम्प्युटर येताना पाहिला. 1984 साली रंगराजन समितीने बँकांत संगणक आणायचा अहवाल दिला आणि आमच्या युनियनने गेटसभा सुरू केल्या. काळ्या फिती लागल्या. घोषणा एकच, कॉम्प्युटर नोकऱ्या खाणार. पुढे काउंटरवर जे यंत्र आलं त्याला 'लेजर पोस्टिंग मशीन' म्हणायचं. कॉम्प्युटर म्हटलं की युनियनचा माणूस चहा अर्धा टाकून उठायचा. ज्या साहेबांनी आम्हाला फिती वाटल्या त्यांनीच नव्वदच्या दशकात आपल्या मुलाला कॉम्प्युटरला घातलं. वर्षाचे आकडे दोनच ठेवल्यामुळे 2000 साली जगभरची यंत्रं गोंधळतील या भीतीच्या लाटेवर बसून तो अमेरिकेला गेला, तिथेच राहिला. आता चॅटजीपीटी आल्यापासून, म्हणजे नोव्हेंबर 2022 पासून, तो न्यू जर्सीहून वडिलांना दर रविवारी सांगतो की एआय नोकऱ्या खाणार. वाक्य तेच, कर्ता बदलला. वडील शांत असतात. त्यांचं पेन्शन चालू आहे.

याच न्यू जर्सीकराने आमच्या घरातला वाद ऐकून एक तक्ता धाडला. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये प्रसिद्ध केलेला, 2023 च्या आकड्यांवरचा. नुकत्याच पदवीधर झालेल्यांत कुठल्या विषयाचे किती टक्के बेकार, याचा. दाजींनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचायला घेतला. कॉम्प्युटर सायन्स 6.1 टक्के. वरचा आवाज जरा खाली आला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग 7.5. आवाज आणखी खाली. मग पुतणीच्या आशेने वहिनींनी विचारलं, केमिस्ट्री? तर केमिस्ट्रीही 6.1! दशांशाचाही फरक नाही. फिजिक्स 7.8, म्हणजे त्या बाजूलाही फार टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही. कलेचा इतिहास 3. आणि तळाशी, सगळ्यांत कमी बेकारीच्या ओळीत, पोषणशास्त्र, 0.4.

"पोषणशास्त्र म्हणजे आपलं होम सायन्सच ना?" आत्या म्हणाली. "मला तेव्हा सगळे हसले होते."

त्या तक्त्याने वाद मिटेल असं मला वाटलं होतं. पण आकड्यांनी मिटतो तो वाद घरगुती नव्हेच. दाजी म्हणाले, अमेरिकेचं अमेरिकेपाशी. बरोबर आहे. अमेरिकेचं फक्त पॅकेज आपलं असतं, बेकारी त्यांची.

या सगळ्या चर्चेत निफाडहून आलेले माझे मामा गप्प बसून होते. मामांची द्राक्षं होती, आता कांदा. त्यांनी पानाचा डबा मिटला आणि विचारलं, "कॉम्प्युटरला सध्या काय भाव निघालाय?" दाजींनी साडेतीन लाखांपासून चाळीस लाखांपर्यंतचे आकडे सांगितले. "आणि हा पोरगा बाजारात येणार कधी?" दाजी म्हणाले, चार वर्षांनी. मामा हसले. "मग आजचा भाव कशाला सांगता?"

मामांचं म्हणणं असं. गेल्या हंगामात कांद्याला चार पैसे मिळाले की सगळा तालुका कांदा लावतो. सगळ्यांचा एकदम लासलगावच्या बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मग वैतागून पुढच्या हंगामात कुणी लावत नाही, आणि नेमका तेव्हा भाव चढतो. "आमचं चार महिन्यांत कळतं," मामा म्हणाले, "तुमचं चार वर्षांनी. कांदा निदान परत लावता येतो."

मामांना माहीत नसेल, पण अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात. शेतमालाच्या भावांवरून 1938 साली मॉर्डेकाय इझिकेल यांनी तो नीट मांडला, आणि 1976 मध्ये रिचर्ड फ्रीमन यांनी तोच अमेरिकेतल्या नव्या इंजिनिअरांच्या संख्येला आणि पगारांना लावून दाखवला. पगार चढले की वर्ग भरतात, वर्ग भरून बाहेर पडले की पगार उतरतात, पगार उतरले की वर्ग ओस. आपल्याकडे याला फार पुरावा शोधावा लागत नाही. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि ऊस संपेल तिथे कॉलेज उभं राहू लागलं. मग डी.एड.चं पीक आलं, ते इतकं आलं की शिकवायला मुलं कमी पडली. मानवी जनुकांचा आराखडा पुरा झाला तेव्हा बायोटेकची लाट आली. आमच्या ओळखीच्या दोन बायोटेकवाल्या मुली कॉल सेंटरमध्ये जेनेटिक्सशी संबंध नसलेल्या माणसांची क्रेडिट कार्डं दुरुस्त करत होत्या. 2021 मध्ये लशीच्या रांगेत उभ्या उभ्या प्रत्येकाला मायक्रोबायॉलॉजीत स्कोप दिसला होता. रांग संपली, स्कोप संपला.

मामांची उपमा पुढे मीच ताणत गेलो, कारण ती तुटेना. कॅम्पस प्लेसमेंट म्हणजे लिलावच. चांगला माल सकाळी पहिल्या ट्रॅक्टरला उचलतात आणि बारकी गोल्टी दुपारपर्यंत उन्हात उभी. आयटी कंपन्या काम नसताना पोरांना पगार देऊन बसवून ठेवतात त्याला बेंच म्हणतात. मामांच्या शेतात त्याला कांदाचाळ म्हणतात, आणि दोन्हीकडे फार दिवस ठेवलं की मोड येतात. निर्यातीचंही तेच. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा मामांनी चार दिवस पेपर वाचला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जाला एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं त्या दिवशी दाजींनी टीव्ही लावला नाही. त्या दिवशी मामा त्यांना फोनवर म्हणाले म्हणे, "भाव पडला की बाजारात जायचं नाही, घरात बसायचं."

एक गोष्ट मात्र कांद्याला लागू होत नाही. कांद्याचा बटाटा होत नाही. शिकलेल्या माणसाचा होतो. आयटी कंपन्या सिव्हिलवाल्याला घेतात, मेकॅनिकलवाल्याला घेतात, साध्या फिजिक्सच्या बी.एस्सी.लाही घेतात आणि काही महिन्यांत त्याला प्रोग्रॅम लिहायला लावतात. उलटा रस्ता नाही. कॉम्प्युटरवाला कितीही हुशार असला तरी त्याला केमिकल प्लँटमध्ये तापलेल्या रिअॅक्टरजवळ कुणी उभं करणार नाही, आणि करू नये. पुतणीची बाजू घ्यायला मला एवढा एकच मुद्दा पुरेसा वाटला. तिला दोन दारं, भाच्याला एक, जरी ते एक दार मॉलच्या दारासारखं सारखं उघडमीट करत असलं तरी.

आणि माणसांचं काय घेऊन बसलात, कंपन्यांनीच ब्रँच बदलली आहे. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला 1945 साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. काम वनस्पती तूप करण्याचं. म्हणजे पातळ तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडायचा आणि ते घट्ट करायचं. शुद्ध उपयोजित विज्ञान. मालकाचा मुलगा स्टॅनफर्डला शिकत होता, 1966 मध्ये वडील गेले म्हणून परत आला. पुढे कंपनीने कॉम्प्युटरला प्रवेश घेतला. तीच विप्रो. अमळनेरच्या कुठल्या आत्याने त्या वेळी "तुपाला स्कोप आहे, कॉम्प्युटर कशाला?" असं म्हटलं असेल का, याचा मी अनेकदा विचार करतो.

कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायची रात्र आली. दाजी लॅपटॉपसमोर, ताई शेजारी वही घेऊन, भाचा फोनवर. पहिली पंचवीस नावं कॉम्प्युटरची. आता नुसतं कॉम्प्युटर राहिलेलं नाही. कॉम्प्युटर सायन्स, कंसात एआय आणि मशीन लर्निंग. कंसात डेटा सायन्स. कंसात सायबर सिक्युरिटी. एका कंसात तर इंटरनेट ऑफ थिंग्ज आणि सायबर सिक्युरिटी ब्लॉकचेन तंत्रज्ञानासह, म्हणजे थाळीत पापड-लोणच्यासह असतं तसं. दाजींनी ते सगळं भक्तिभावाने क्लिक केलं. कुठलं कॉलेज, कुठल्या गावात, तिथे शिकवायला माणूस आहे का, हे कुणी पाहिलं नाही, कंस पाहिला. पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजचं मेकॅनिकल यादीत साठाव्या नंबरच्याही खाली गेलं. बी.एस्सी., बी.सी.ए.कडे तर कुणी वळलंच नाही. तिथला गोंधळ आणखी वेगळा. पुण्यात बी.बी.ए. (सी.ए.) नावाचा एक अभ्यासक्रम आहे, त्यातलं सी.ए. म्हणजे कॉम्प्युटर अॅप्लिकेशन. आमच्या ओळखीत एका आजीने नातू सी.ए. होतोय म्हणून दोन वर्षं सांगितलं आणि तिसऱ्या वर्षी शेजारी रिटर्न भरून द्या म्हणत आले. 2024 मध्ये बी.बी.ए., बी.सी.ए.ला सीईटी लागू झाली तेव्हा काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं आणि परीक्षेतून सुटले. नाव बदलल्याने नशीब बदलतं हे अंकशास्त्रवाले सांगतात तेव्हा आपण हसतो.

पुतणीचा फॉर्म तिने स्वतः भरला, दहा मिनिटांत. आत्याने शेवटचा प्रयत्न केला. "अगं, लेप लावून कुणाचं भलं झालंय?"

यावर मामा बोलले. लासलगावला 2002 पासून भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' नावाचं केंद्र आहे. कोबाल्टचे गॅमा किरण अगदी हलक्या हाताने देतात, म्हणजे कांद्याला मोड येत नाहीत. 2007 साली हापूस अमेरिकेला गेला तोही तिथे किरण घेऊनच. "आमच्याकडं तो माणूस आला होता समजावून सांगायला," मामा म्हणाले. "पांढरा कोट, बारीक आवाज. तो कॉम्प्युटरवाला नव्हता." मग पुतणीकडे वळून म्हणाले, "तुझा तो लेप कांद्यावर बसतो का गं? चाळीत निम्मा सडतो माझा."

"बसवता येईल आजोबा," ती म्हणाली. "फळांना देतात. खाण्याचा असावा लागतो, आणि कांद्याला श्वास घेता यायला हवा."

तिने वहीचं पान फाडलं आणि चाळीची लांबी-रुंदी, खालून वारा कसा येतो, कांदा कुठल्या महिन्यात भरतात, हे विचारायला सुरुवात केली. आत्या चहा टाकायला उठली. दाजींना ते बघवेना. ते भाच्याला म्हणाले, "तूही सांग की काहीतरी. आजोबांच्या कामाचं."

मामा म्हणाले, "हिनं टिकवला तर यानं विकावा. काय रे, तुझा तो एआय सांगेल का, कांद्याचा भाव कधी चढतो ते?"

भाच्याने फोनमधून मान वर काढली. "आजोबा, ते सांगता आलं असतं तर मी इंजिनिअरिंगला कशाला गेलो असतो?"